व्हॅनमध्ये अडकलेली रडगाणी

९ जुलै
जमाखर्चाच्या वहीत ‘शेरा’ नावाचा रकाना असतो. तो वर्षानुवर्षं कोरा जातो. कागद कोरा घालवणं पाप आहे, म्हणून आजपासून त्यात लिहीन. थोडक्यात.

किनाऱ्यावरची उन्हाळी दुकानं उघडली. कर्णे लागले. सकाळी नऊपासून तीच गाणी. कोणीतरी कोणालातरी समुद्रावर भेटतं, ऑगस्ट संपतो, की रडणं सुरू. ह्यांना असली गाणी फार आवडायची. ह्यांना जाऊन आठ महिने झाले. गाणी आहेत तिथेच आहेत.

यंदा ह्यांचं पहिलं ओबोन. १३ ऑगस्टला पितर घरी येतात, त्यांत पहिल्यांदाच हे असतील. संकल्प: ह्यांच्या कानावर सूत्रपाठ आणि भजन याखेरीज काहीही पडू द्यायचं नाही. जिवंतपणी जमलं नाही, आता जमेल.

१२ जुलै
आळीच्या मंडळाची बैठक. अध्यक्ष ओकिमोतो-सान म्हणाले, रिवाजाप्रमाणे ज्या घरी पहिलं ओबोन असेल त्या घराने १४ तारखेच्या नाचासाठी एक गाणं निवडायचं. त्यावर सगळी आळी मचाणाभोवती गेलेल्याच्या नावाने एक फेरी नाचते. मी लगेच सांगितलं, देवळातल्या महिला मंडळाचं भजन. कॅसेट माझ्याकडे आहे. ओकिमोतो-सान म्हणाले, फुसाए-सान, त्यावर नाचायचं कसं? म्हटलं, सावकाश.

हितोमीचा योकोहामाहून फोन. म्हणाली, आई, भजन लागलं की बाबांना झोप यायची. म्हटलं, मग शांत झोपतील. म्हणाली, त्यापेक्षा त्यांची ती टेप लाव ना, व्हॅनमधली. मी विचारलं, तू भाज्या खातेस ना वेळेवर?

१५ जुलै
त्या टेपबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे विषय संपला.

आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा हे टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून गाणी उतरवून घ्यायचे. तेवढा वेळ घरात कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. मी हातात भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पुतळ्यासारखी उभी. ती टेप गेल्या वर्षी व्हॅनच्या प्लेयरमध्ये अडकली. इंजिन सुरू केलं की वाजते. बंद करायचं बटण तुटलंय. एक बाजू संपली की दुसरी, ती संपली की पुन्हा पहिली.

गॅरेजवाला हामादा म्हणतो, घेऊन या वहिनी, दहा मिनिटांचं काम, तुमच्याकडून काय घ्यायचं! फुकटचे उपकार मला चालत नाहीत. सवडीने बघू.

२४ जुलै
शत्रूची नीट माहिती हवी. म्हणून त्या टेपवरच्या बारा गाण्यांचा हिशेब मांडला.

समुद्र: ३१ वेळा. फटाके: १४. सुती किमोनो: ९. शेवटची ट्रेन: ५. सायकलवर मागे बसलेली मुलगी: ४ (कायद्याने गुन्हा आहे). “तो उन्हाळा”: २६.
घाम: शून्य. डास: शून्य. तो सुती किमोनो दुसऱ्या दिवशी कोणी धुतला: शून्य.

आणि प्रत्येक गाण्यात एक मुलगा. त्याला काहीतरी सांगायचं असतं आणि तो सांगत नाही. जुलैत तोंड उघडलं असतं तर ऑगस्टमध्ये गळा काढायची वेळ आली नसती.

पाचव्या गाण्यात मध्येच काहीतरी आवाज आहे. रेकॉर्डिंग सदोष. पुन्हा तपासायला हवं.

२८ जुलै
पाचवं गाणं तपासलं. दोष आहेच.

वांगी आणायला शेजारच्या गावी गेले. तिथली वांगी जास्त टिकतात.

१ ऑगस्ट
वांगी आणायला टोकाच्या दीपगृहापर्यंत गेले. शेजारच्या शिगेको-सानने कुंपणावरून विचारलं, दीपगृहाजवळ वांगी मिळतात? म्हटलं, चौकशी करावी लागते. म्हणाली, गाडीत गुणगुणत होतात बाई तुम्ही. मी सांगितलं, सूत्रपाठ करत होते. म्हणाली, सूत्रात “लाटा” कुठे येतात हो?

या बाईला देवाधर्माचं काही कळत नाही.

५ ऑगस्ट
रंगीत तालीम. सभागृहातल्या प्लेयरने मान टाकली, पट्टा तुटला. सगळे हातावर हात ठेवून बसले. मीच सुचवलं की आमची व्हॅन मचाणाजवळ उभी करू, दारं उघडी ठेवू, स्पीकरसमोर माइक धरू. टाळ्या पडल्या. ओकिमोतो-सान म्हणाले, फुसाए-सान, तुमचं डोकं म्हणजे डोकं!

संध्या. ६
घरी येताना व्हॅन सुरू केली आणि आठवलं की व्हॅनमध्ये भजनाची कॅसेट घालायला जागाच नाही.

काळजी नाही. हामादाचं दहा मिनिटांचं काम. उद्या सकाळी.

६ ऑगस्ट
हामादाकडे निघाले. वाटेत तिसरं गाणं चालू होतं. पाचवं एकदा शेवटचं तपासून मग जावं असं ठरवलं. ते संपलं तेव्हा मी दीपगृहापाशी होते. परत येईपर्यंत गॅरेज बंद.

८ ऑगस्ट
तसंच.

१० ऑगस्ट
हामादाच्या दारावर पाटी: ओबोननिमित्त १६ पर्यंत बंद. ऐन गरजेच्या वेळी दुकान बंद ठेवतो! लोकांना कामाची म्हणून काही चाड राहिलेली नाही.

११ ऑगस्ट
स्वतःच प्रयत्न केला. भात खायच्या काड्यांनी, मग चिमट्याने. निघत नाही. फार जोर लावला नाही. टेप तुटली असती. म्हणजे प्लेयर बिघडला असता.

१३ ऑगस्ट
सकाळी काकडीचा घोडा केला, पितरांनी लवकर यावं म्हणून. पाय वापरलेल्या काड्यांचे, धुऊन. दारात पांढरा कंदील टांगला. संध्याकाळी अंगणात विस्तव केला. हितोमी आली. घोड्याकडे बघून म्हणाली, एवढासा? बाबा मावतील का त्यावर? मग बराच वेळ नाक शिंकरत बसली. विस्तवाचा धूर.

उद्याची योजना पक्की आहे. टेप नेमकी कुठे थांबली आहे ते मी वहीत टिपून ठेवलंय. उद्या सव्वासातला माइक धरतील, तेव्हा अकरावं गाणं सुरू होईल. अकराव्याच्या सुरुवातीला बारा सेकंद नुसती सुरावट आहे. दहाव्या सेकंदाला मी इंजिन बंद करणार आणि दुसऱ्या माइकवरून स्वतः भजन म्हणणार. पाचवं गाणं लागायचा प्रश्नच येत नाही.

१५ ऑगस्ट
काल लिहिता आलं नाही.

दुपारी मी देवळात होते. तेवढ्यात सरबतासाठी बर्फ कमी पडला. हितोमी व्हॅन घेऊन गेली. गेली ती थेट दीपगृहापर्यंत. मी नंतर विचारलं, बर्फ दीपगृहाजवळ मिळतो? म्हणाली, चौकशी करावी लागते.

सव्वासात. मचाणावर दिवे लागले. सगळी आळी किमोनो घालून गोल करून उभी. ओकिमोतो-सानने जाहीर केलं, मुरासे कियोहारु यांच्या नावाने एक फेरी. पोरांनी व्हॅनच्या स्पीकरसमोर माइक धरला आणि सगळ्यांना शू-शू करून गप्प केलं. मी दुसरा माइक घेऊन उभी. इंजिन सुरू झालं.

पाचवं गाणं. तेही मधूनच.

किल्ली हितोमीच्या हातात होती. मी हातवारे केले. तिने मला हात हलवून दाखवला.

मग तो दोष आला. चार कर्ण्यांतून, सगळ्या आळीवर. माझाच आवाज, पंचविशीतला, चिरका: “अहो! सोमेनच्या शेवया फुगतायत! पुरे झालं ते रडगाणं, जेवायला या!”

आणि मागून हे. हसत, दबक्या आवाजात, गाणं बिघडू नये म्हणून: “आलो गं, आलो.”

आळी हसली. शिगेको-सान तर शेजारणीच्या खांद्यावर पडून हसली. मग हसता हसता एकेक जण गप्प झाला. ओबोनची रात्र होती ना.

मी फक्त एवढंच म्हटलं, “मग या की.” अगदी हळू म्हटलं. माइक बंद आहे अशी माझी समजूत होती.

त्यानंतर काय झालं ते नीट पाहिलं नाही. फेरी नाचली गेली एवढं खरं. मीही फेरीत होते असं हितोमी म्हणते. मी पाय मोकळे करत होते. भजन राहून गेलं.

१६ ऑगस्ट
निरोपाचा विस्तव. वांग्याची गाय केली. पितरांनी परत जाताना सावकाश जावं म्हणून गाय असते. बाजारातलं सगळ्यात जाड वांगं घेतलं, पायही आखूड ठेवले.

सकाळी सोमेनच्या शेवया दोन वाडगे केल्या. एक देव्हाऱ्यापुढे ठेवला. तासभर थांबले. फुगल्या. टाकायच्या कशा, मीच खाल्ल्या. हा माणूस कधीच वेळेवर जेवायला आला नाही.

गाण्यांबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. सगळी रडगाणी.

दुपारी ४
हामादाचा फोन. म्हणाला, वहिनी, उद्या दुकान उघडतोय, टेप काढून देऊ का? त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही, पण आवाजावरून कळत होतं की तोही गोलात होता.

म्हटलं, घाई नाही. माझं तपासून व्हायचंय अजून.