न उतरलेला माल

बाबा, तुमचा ट्रक अजून रस्त्याच्या कडेलाच उभा आहे. कॉम्प्युटरच्या खेळातला. मागच्या ट्रेलरमध्ये माल भरलेला, आणि जिथं तो पोचवायचा ते गाव जरा पुढंच. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी चहासाठी म्हणून उठलात आणि गाडी तिथं थांबवलीत. इतकी वर्षं झाली, मी ती हलवली नाही.

दापोड्याच्या गोदामांतून आयुष्यभर ट्रकनं माल वाहिलात, आणि पाय लुळा पडल्यावर कामतघरच्या आपल्या ओट्यावर बसून नुसते आवाज ऐकायचात. कुठली गाडी भरून चालली, कुठली रिकामी, हे न बघता सांगायचात. मला ते बघवेना. मानकोलीला आमच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, तेव्हा त्यातला एक मी घरी आणला, ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं आणि ट्रक चालवायचा हा खेळ घातला. पहिल्या दिवशी तुम्ही कीबोर्डला हात लावून तो कपाळाला लावता. परदेशातल्या त्या गुळगुळीत रस्त्यावरून बरंच अंतर जाता आणि मग म्हणता, "बाय, येक पन खड्डा न्हाय. हिला काय ड्रायव्हरी म्हनायची? आपल्या नाक्यावर या म्हनावं यांना." आई आतून म्हणते, "खड्डा नाय म्हणून रडणारा ड्रायव्हर पहिल्यांदाच बघितला."

दसऱ्याला तुम्ही कॉम्प्युटरच्या डब्याला झेंडूचा भला मोठा हार घातलात, हळदकुंकू वाहिलंत, अक्षता टाकल्यात. गाडीला घालायचात तसंच. संध्याकाळी पंखा घरघरला आणि पडदा काळा झाला. पाकळ्या जाळीतून आत ओढल्या गेल्या होत्या. मी चिडले, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "हार न्हाय घातला तर गाडी धोका देते." मी म्हटलं, "आता हार घालूनही दिलाच ना धोका?" तुम्ही इतके हसलात की खोकला लागला.

आता त्या खेळाची नवी आवृत्ती येते आहे आणि तिला ग्राफिक्सचं नवीन स्टँडर्ड लागतं. आपलं कार्ड त्यात बसत नाही. तुमची नात कॉलेजात आहे, कॉम्प्युटर आता तिचा आहे, तिचा एकही नवा खेळ त्यावर उघडत नाही. परवा दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. "मॅडम, कार्ड मरा नहीं है," तो म्हणाला, "बस, नये गेम की बात इसको समझती नहीं. बदलना पडेगा." त्यानं कार्ड बाहेर काढलं, तर पंख्याच्या मागं एक पाकळी चिकटलेली, वाळून काळी झालेली, आणि कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा. तो फुंकर मारणार होता. मी म्हटलं, थांबा. आणलेलं नवीन कार्ड त्यानं खोक्यातच राहू दिलं. जुनं तसंच परत जागेवर बसवून तो गेला.

नातीनं मला समजावून सांगितलं. नव्या आवृत्तीत नकाशा बदलतो, त्यामुळं अर्धवट राहिलेली फेरी रद्द होते आणि ट्रक आपोआप गॅरेजमध्ये जातो. माल कुठं जातो, मी विचारलं. "आई, माल खरा नसतो," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच, "कार्ड बदलायच्या आधी आजोबांची फेरी तूच पूर्ण कर ना."

म्हणून आज दुपारी मी तुमच्या खुर्चीत बसले. कीबोर्डला हात लावून तो कपाळाला लावला. तुमची गाडी सुरू झाली, बाबा. आरशात तुम्ही भरलेला ट्रेलर दिसत होता. मी फार हळू चालवली, मागून हॉर्न वाजत राहिले. गोदामाच्या फाटकातून आत शिरले. आता फक्त ट्रेलर मागं घेऊन दाराशी लावायचा होता. तेवढं न करता माल उतरवायची सोय खेळात आहे, पण तुम्ही ती कधी वापरली नाहीत. "माल दाराशी लावायचा. वाटेवर टाकून जायाला तो काय कचरा हाय?" मला शिकवताना तुम्ही बाजूला स्टुलावर बसलेले आहात, माझ्या हातावर तुमचा हात आहे. "ट्रेलरची शेपटी जिकडं पायजे, त्याच्या उलट वळव. घाई नको, बाय."

मी इंजिन बंद केलं. नातीला सांगितलं, मला रिव्हर्स जमत नाही. दुरुस्तीवाल्याला फोन करून पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. नवीन कार्डाचा खोका कपाटावर तसाच बंद आहे. हा कागदही मी त्याच्याखाली सरकवून ठेवणार आहे.

रिव्हर्स मला येतो, बाबा. तुम्ही शिकवलात तसा, पहिल्या झटक्यात येतो.