बुद्धप्रियाचा सूर

९ मार्च २०२५, रविवार

एकोणीस टेक! तरी अंतऱ्यातला वरचा सूर प्रियाला लागेना. भीमजयंतीला महिना राहिला. गाणं मायनं बांधलेलं, गाणारी माझी सख्खी बहीण, रेकॉर्डिंग कंधारला घरच्या घरीच, भिंतींना गोधड्या लावून. मुखेडला अंगणवाडीत शिकवते, सुट्टी बघून एसटीनं येते बिचारी. नेहमीसारखा डाव्या कानावर हेडफोन, त्यात तिचा आवाज. उजवा कान पेटीसाठी मोकळा. साफ कळतंय, ती खाली पडून राहिली.

म्हणाली, "दादा, बरोबरच गाऊन राहिले की मी."

"न्हाई. खाली हाय. परत."

पाणी पिऊन परत उभी राहिली.

१६ मार्च, रविवार

आज रडली. माय म्हणे, "कशाला छळतोस पोरीला? मला तर लई गोड लागलं." मायला काय कळतंय सुरातलं!

शेवटी आवाज ताजा म्हणून पहिलाच टेक घेतला आणि सॉफ्टवेअरमध्ये सूर दुरुस्त करायला बसलो. स्क्रीनवर एकेक सूर ठिपक्यासारखा दिसतो. रेघेवर बसला की बरोबर. आणि हिचे सगळे ठिपके रेघेवरच! फुकटातलं सॉफ्टवेअर, त्याचं काय खरं? दहा वर्षं डीजेच्या गाडीवर काढली मी. माझ्या कानापेक्षा त्याला जास्त कळतं का? एकेक ठिपका हातानं वर ओढला. संध्याकाळपर्यंत तेच.

२१ मार्च

गाणं यूट्यूबवर टाकलं.

२३ मार्च

कमेंट वाचल्या. "ताई गाते की मशीन?" "सूर चढलाय, कान दुखले." जळतात लोक. प्रियाला फोन करून सांगितलं, बघू नको. तिनं आधीच बघितलं होतं.

"मी अशी गाते, दादा?"

"याहून वाईट गायली होतीस. मी सुधारलं."

बोलायला नको होतं. बोललो.

१४ एप्रिल

जयंतीच्या स्टेजवरून तीनदा नाव पुकारलं — बुद्धप्रिया! ती मागच्या खुर्चीवर ओढणीत तोंड लपवून बसून राहिली. दुसऱ्या पोरी गायल्या. घरी येऊन म्हणाली, "मला सूर न्हाई. उगा चारचौघांत कशाला उभं राहायचं?"

माय माझ्याकडं बघून राहिली. मला आपलं वाटलं, बरं झालं, अब्रू वाचली.

४ मे, रविवार

भागवतकाका भजन रेकॉर्ड करायला आले. तीस वर्षं गाणारा माणूस. त्यांचाही सूर खालीच! तसं म्हणालो. काका भडकले. "माझा गळा राहू दे. आधी तुझी पेटी तपासून आण."

९ मे, शुक्रवार

पेटी घेऊन नांदेडला गेलो. नरसिंगमामा म्हणून म्हातारे हायेत, जन्मभर पेट्याच दुरुस्त केल्या. सगळे सूर तपासून म्हणाले, "पेटी चोख हाय." मग माझ्या तोंडाकडं बघत राहिले. एक पट्टी दाबून धरली.

"डावा कान झाक."

झाकला.

"आता उजवा."

सूर उतरला! मामांचं बोट तिथंच. पट्टी तीच. चार वेळा करून बघितलं. पाचव्यांदा हिंमत झाली नाही.

मामा हळूच म्हणाले, "डीजेवर होतास काय रं?"

एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसलो. आख्ख्या वाटेत प्रियाचाच चेहरा.

१३ मे, मंगळवार

कानाच्या डॉक्टरला दाखवलं. मोठ्या आवाजानं डावा कान गेलाय. आवाज येतो, पण सूर वाकडा पोचतो. बरा होणार नाही म्हणाले.

घरी येऊन तिचे सगळे टेक उजव्या कानानं ऐकले. पहिलाच टेक सुरात होता. पुढचे सगळे तिनं माझं ऐकून बिघडवत नेले. आणि उरलंसुरलं मी ओढून ओढून.

मायला सांगितलं. माय ताट वाढून आत गेली.

१८ मे, रविवार

मुखेडला जाऊन प्रियापुढं रिपोर्ट ठेवला. सगळं सांगितलं, हात जोडले. म्हणालो, तू चुकलीच नव्हतीस, परत गा. तिनं कागद वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला.

"तुझा कान खराब असंल, दादा. पण आता मलाच मी खाली ऐकू येते."