१९७१ समोरची मोकळी जागा

५ ऑक्टोबर १९८६, रविवार. दुपारी ४.
आज जिमखान्याची मीटिंग. आमच्या वार्षिक बॅडमिंटन स्पर्धेचं यंदा पंचविसावं वर्ष. १४ डिसेंबरला रौप्यमहोत्सव, त्यानिमित्त स्मरणिका. पुरुष एकेरीच्या विजेत्यांचा इतिहास कोण लिहील, असं सेक्रेटरी चुडामणभाऊ भंगाळ्यांनी विचारलं. सगळे चहाच्या कपात बघायला लागले. मी एकट्याने मान वर केली. (भजी येताहेत का, ते बघत होतो. पण नियती म्हणतात ती हीच.) एकमताने निवड.
चुडामणभाऊ म्हणाले, दोन पानं पुरेत. माझ्या अंदाजाने चाळीस. इतिहास आहे, लग्नपत्रिका नव्हे.
हॉलमधला विजेत्यांचा फलक उतरवून घेतला. चोवीस वर्षं, तेवीस नावं. १९७१ समोर मोकळी जागा. चुडामणभाऊ तेव्हा नाशिकला होते, त्यांना माहीत नाही. मला तरी पंधरा वर्षांपूर्वीचं काय आठवणार?
संकल्प: रोज एक पान. रोज पहाटे पाचला मेहरूण तलावाला फेरी. यंदा एकेरीत स्वतः उतरायचं. त्रेचाळीस हे काही वय नाही.

६ ऑक्टोबर. सकाळी ८.४०.
गजर झाला. ऐकला. पाच ही वेळ जळगावच्या हवेला योग्य नाही. साडेसहा ठरवली.

७ ऑक्टोबर.
तलावाला अर्धी फेरी. उरलेली अर्धी रिक्षाने. एकूण फेरी पूर्ण.

१२ ऑक्टोबर, रविवार.
लेखनास प्रारंभ. शीर्षक लिहिलं: ‘खानदेशातील पुरुष एकेरीची गौरवगाथा’. मग ‘गौरवगाथा’ खोडून ‘तेजोगाथा’. मग पुन्हा ‘गौरवगाथा’. पान भरलं.
जिमखान्याच्या कपाटात सगळ्या वर्षांच्या वह्या मिळाल्या. फक्त ७१ची नाही. वाळवी असावी. सौ. म्हणाली, वाळवी काय साल बघून खाते?

१९ ऑक्टोबर.
७१ सालाचा अभ्यास केला. म्हणजे डोळे मिटून पडून आठवलं. त्या वर्षी मी पहिल्या फेरीत हरलो होतो, एका अनवाणी माणसाकडून. आकडे आठवत नाहीत. (१५-१, १५-०.) पण बुटांशिवाय खेळणं नियमात बसत नाही. म्हणजे ती मॅच खरं तर मी जिंकलो. पुढे खेळलो असतो तर कोणी अडवलं असतं? माझा ड्रॉप तेव्हा फॉर्मात होता. असं एकेक पायरीने गेलं, तर मोकळ्या जागेत कोणाचं नाव हवं, हे उघड आहे.
मी काही म्हणत नाही. इतिहास म्हणतो आहे.

२० ऑक्टोबर.
ऑफिसात (पाटबंधारे खातं, वरिष्ठ लिपिक) कोऱ्या कागदावर ‘१९७१ : पंडित सरोदे’ असं लिहून पाहिलं. छान दिसतं.

२६ ऑक्टोबर.
फैजपूरला देवचंदनानांकडे गेलो. १९६४चे विजेते, आता केळीची बाग. मुलाखत घेतली. नाना तासभर घडांच्या वजनाबद्दल बोलले. बॅडमिंटनबद्दल म्हणाले, हो, खेळायचो. मी कोण, ते त्यांना आठवेना. मी आठवण करून दिली. तेव्हा म्हणाले, हां, जाळीत अडकलेली फुलं काढायचा तो! शटलला नाना अजून फुलंच म्हणतात.
दोन डझन केळी घेऊन परत. इतिहासासाठी काहीच मिळालं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. रात्री ७.
सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला. वना सोनवणेची मुलाखत. वना म्हणजे ६८, ६९, ७० असा लागोपाठ तीन वर्षांचा चॅम्पियन. आता धुळे डेपोत मेकॅनिक. हाताला ग्रीस, पण मनगट अजून तेच.
मी सहज विचारलं, ७१ साली काही निकाल लागला नाही, नाही का?
वना म्हणाला, लागला नाही कसा? फायनलला मीच हरलो. पाचोऱ्याचा उखर्डू तायडे, रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला. अनवाणी खेळायचा. १५-९, १५-६. असं हाणलं मला, की हरल्यावर मीच त्याला उचलून घेतला.
मी म्हणालो, असेल.
वना म्हणाला, त्याचं नाव फलकावर नाही? अरे, त्या वर्षी जॉइंट सेक्रेटरी तर तूच होतास.
बसची वेळ झाली, असं सांगून उठलो. बस दीड तासाने होती. स्टँडवर बसून शेंगदाणे खाल्ले. चव नव्हती.

१० नोव्हेंबर.
जॉइंट सेक्रेटरी होतो, हे खरं. पण पदं अनेक असतात. सगळी कुठे लक्षात ठेवायची?
संध्याकाळी सौ.ने न विचारता पत्र्याची पेटी उघडली आणि ७१ची वही पुढे ठेवली. म्हणाली, लग्नापासून दर दिवाळीला ही वही पेटीतून काढते, झटकते, परत ठेवते. मला वाटलं काही महत्त्वाचं असेल.
शेवटचं पान. अक्षर माझंच. त्या काळी फार सुरेख होतं. ‘विजेता : उ. तायडे. नाव रंगवणे तूर्त स्थगित. बुटांबाबत निर्णय होईपर्यंत. – प. सरोदे.’
बुटांबाबत निर्णय झालाच नाही. कारण तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मी सोडून.

१६ नोव्हेंबर.
चुडामणभाऊंचा निरोप: प्रेसवाला थांबलाय. इतिहासाची दीड पानं तयार आहेत, त्यात एक शीर्षकाचं. ७१ साठी वाक्य लिहिलं: ‘या वर्षी काही अपरिहार्य कारणास्तव स्पर्धा होऊ शकली नाही.’ भारदस्त वाक्य आहे. कोणाचंच नुकसान नाही.
सौ.ने वाचलं. कागद परत दिला. म्हणाली, ज्याने जिंकली, त्याला विचारून तरी या, झाली होती का म्हणून.
जेवताना बोलली नाही. मी दोनदा भाजीची स्तुती केली.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.
पाचोऱ्याला जाऊन आलो. जाताना ठरवलं होतं की तो भेटू नये. पण स्टेशनवर पहिल्याच हमालाला विचारलं, तर तो घरापर्यंत सोडायला आला. उखर्डूभाऊंना सगळं पाचोरा ओळखतं.
पन्नाशीचा माणूस. वाळका, ताठ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खिळ्याला रॅकेट. मला बघताच उठून उभा राहिला. “या भाऊ, बठा. तुमीन सरोदेभाऊ ना? पहिल्या फेरीवाले!”
मी तयारच होतो. बुटांचा नियम, कमिटी, तांत्रिक अडचण, सगळं क्रमाने पाठ केलं होतं.
तो बायकोला सांगायला लागला, “द्रौपदा, ह्याच त्या. मन्ही गाडी लेट व्हती. अर्धा तास उशिरा गऊ मी. बठ्ठा लोक म्हनेत, वॉकओव्हर द्या. ह्या एकटा म्हननात, नही, खेळू द्या त्याले.”
हे खरं आहे. मी तसं म्हणालो होतो. अनवाणी माणूस दिसला, वाटलं वॉकओव्हरपेक्षा खेळून जिंकलेलं पेपरात छान दिसेल. हे कारण मी सांगितलं नाही. चहा फार गरम होता.
मग त्याने विचारलं, “नाव लिखेल शे ना मन्हं, जळगावले?”
पंधरा वर्षांत तो फलक बघायला कधी आलाच नाही. ड्युटी. पण गावात सगळ्यांना सांगून ठेवलेलं आहे. द्रौपदाबाई म्हणाल्या, महोत्सवाचं पेपरात वाचलं, नातवंडांना घेऊन येणार आहोत, आजोबांचं नाव दाखवायला.
मी म्हणालो, आहे. मोठ्या अक्षरांत आहे.
परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मिळूनही बाहेर बघितलं नाही.

३० नोव्हेंबर. मीटिंग.
कमिटीपुढे वही ठेवली. चुडामणभाऊ म्हणाले, पुरावा आहे ना, मग वाचून दाखवा. वाचलं. ‘प. सरोदे’ हे शेवटचे दोन शब्द जरा हळू. चुडामणभाऊ म्हणाले, शेवटचं ऐकू आलं नाही. परत वाचलं. त्यांना तरीही ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा ऐकू आलं.
भजी आली. माझ्याकडे ताट शेवटी आलं. तळाला दोन होती, ती घेतली.
ठराव मंजूर: नाव रंगवावे. जबाबदारी: सरोदे.

७ डिसेंबर.
पेंटर भुसावळला दुकानांच्या पाट्या रंगवतोय, संक्रांतीआधी मोकळा नाही. दुसरा पेंटर फक्त ट्रकच्या मागे लिहितो. त्याने नमुना दाखवला. नावाशेजारी कमळ आणि मोर. नको म्हणालो.
स्वतःच रंगवणार. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा मी दिलेली आहे. निकाल काय लागला, हा मुद्दा नाही.

११ डिसेंबर.
एकेरीची पहिली फेरी. प्रतिस्पर्धी इंजिनिअरिंग कॉलेजचा. २-१५, ३-१५. हॉलमधले दिवे डोळ्यांवर येतात. शिवाय तो डावरा होता आणि हे मला आधी कळवलं नव्हतं. सौ.ने विचारलं, किती झाले? मी म्हणालो, एकूण पाच.

१३ डिसेंबर, शनिवार. दुपारी ३.
सकाळी आठला सुरुवात. पांढरा ऑइलपेंट, शून्य नंबरचा ब्रश. ‘उखर्डू’ मधल्या ‘र्डू’ने तासभर घेतला. रफार वर चढवला, तर ७० सालच्या वनाच्या नावाला लागला. टर्पेंटाइनने पुसताना वनाचा ‘व’ गेला. तो परत काढला. आता ‘व’ आणि ‘र्डू’ दोन्ही इतर नावांपेक्षा मोठे आहेत. सांगितल्याप्रमाणे मोठी अक्षरं झाली, म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो.
चुडामणभाऊ बघून गेले. म्हणाले, वाचता येतं.
हवा थंड आहे. उद्यापर्यंत वाळेल. वाळायलाच पाहिजे.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७. (अंथरुणातून.)
कालचा रौप्यमहोत्सव पार पडला. स्मरणिका आली. माझा इतिहास एका पानावर, वर शीर्षक, खाली विजेत्यांची यादी. बाकी जागा केळीच्या खतवाल्याला दिली आहे. ७१ला नाव बरोबर आहे. एवढं बघून मिटवली.
उखर्डूभाऊ इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. द्रौपदाबाई, दोन नाती, एक नातू. मी स्वतः फलकाजवळ नेलं. नातींनी मोठ्याने वाचलं. त्याने हळूच बोट लावलं, ‘ता’ वर. बोट पांढरं झालं.
वाळलं नव्हतं.
त्याने बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझ्या नखांत पांढरा रंग होता, सकाळी घासूनही गेला नव्हता. पंधरा वर्षांचं सगळं त्याला त्या एका मिनिटात कळलं असणार. बुटांचा नियम, कमिटी, तांत्रिक अडचण, काहीच आठवेना. मी एवढंच म्हणालो, “उखर्डूभाऊ, चुकलं माझं.”
नाती तिथेच होत्या. त्याने रुमालाने बोट पुसलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, “अक्षर बरं शे तुमनं.”
नंतर माजी विजेत्यांचा एक प्रदर्शनी गेम. वनाची धुळ्याची बस चुकली, म्हणून त्याच्या जागी ऐन वेळी मला उभं केलं. उखर्डूभाऊंविरुद्ध. टाळ्या वाजत होत्या, त्या कोणासाठी, हे मला कळत होतं. त्याने कुठेही जोर लावला नाही. फूल मागे टाकायचा, मी मागे पळायचो. पुढे टाकायचा, पुढे पळायचो. मध्येच मला दम घ्यायला वेळ मिळावा, म्हणून तो उगाच जाळी नीट करत होता. ०-१५. एकाही दिव्याने डोळ्यांना त्रास दिला नाही. मी फक्त हरलो.
नंतर पायरीवर शेजारी बसलो. पॅसेंजरला वेळ होता. द्रौपदाबाईंनी डब्यातली पुरणपोळी दिली. मी खाल्ली, दोन. मग विचारलं की पुढच्या वर्षी मी खेळण्यासारखा होईन का. खरं सांगा म्हणालो.
त्याने माझं मनगट धरून वळवून बघितलं. मग म्हणाला, रविवारी पाचोऱ्याला या, रेल्वे इन्स्टिट्यूटचं कोर्ट सकाळी मोकळं असतं. मी म्हणालो, येतो. बॅकहँडपासून सुरू करू या का?
“नही भाऊ,” तो म्हणाला. “रॅकेट धरापासून.”