लेडी ऑनोरियाचा डूडबाव

रहीमा वस्ती, रास तनुरा, सौदी अरेबिया
१० मार्च १९९१

प्रिय खैरुन आपा,

अस्सलामु अलैकुम. हे पत्र आमच्या शेजारचा बुरोंडीचा हाशम हातोहात आणतो आहे. पोस्टाने पाठवलं असतं तर माझ्या झोयाने फोडून तुला वाचून दाखवलं असतं. हे तिने वाचायचं नाही. चष्मा लाव, माडीवर जा आणि सावकाश स्वतः वाच. हाशमला मी बजावलं आहे की पत्र आपाच्याच हातात द्यायचं. तो हसून म्हणाला, "खाला, लढाईत मिलिटरीचे कागदसुद्धा इतके जपून नेले नसतील." मी हसले नाही. हल्ली मला हसायला वेळ लागतो.

लढाई संपली, पण कुवेतच्या तेलाच्या विहिरी अजून जळतायत. कधी कधी दुपारीच आभाळ काळं होतं आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडतात. नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस इद्दत, म्हणून मी घराबाहेर जात नाही. खिडक्यांना लावलेल्या चिकटपट्ट्या अजून काढल्या नाहीत, त्यामुळे बाहेरचं सगळं फुल्या मारल्यासारखं दिसतं. झोयाच्या अब्बांचं कपाट आवरायला घेते आणि तसंच बंद करते. त्यांची कबर मी पाहिलेली नाही. इथे बायका कबरस्तानात जात नाहीत. तौकीर म्हणाला, एक साधा दगड आहे, बाकी वाळू. तुझ्या तौकीरने खूप केलं, आपा. रियाधवर रोज क्षेपणास्त्रं पडत होती, आणि हा तिथल्या बत्हा बाजारातून मिळेल त्या टॅक्सीत बसून आला. मुलाने द्यायची ती माती त्याने दिली. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा म्हणाला, "खाला, आता तुम्ही माझ्याकडेच राहायचं, झोया आणि तुम्ही." तेव्हा मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

तुझं पत्र मिळालं. रमजान संपला की शव्वालमध्ये तौकीरला रजा मिळते आहे तर तेव्हाच निकाह उरकून घेऊ असं तू लिहिलंस. माझी इद्दत त्यानंतर संपते, म्हणजे मी तिथे नसणार. तू लिहिलंस, "तू दुःखात आहेस, तुझ्यावर भार नको." मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. लग्न ठरल्यापासून घाई तुझी होती आणि टाळाटाळ झोयाच्या अब्बांची. आधी म्हणाले मुलीचं बीए होऊ दे, मग म्हणाले तौकीरची नोकरी पक्की होऊ दे, मग लढाई आली. ऑगस्टमध्ये झोयाला तुझ्याकडे पाठवताना मी म्हटलं, होणाऱ्या सासूकडेच चालली आहे, कपडे दागिने सोबतच देऊ. तर एकदम चिडून म्हणाले, "अजून काही झालेलं नाही." मला वाटलं, बापाचं काळीज आहे. आता मी त्यांचं प्रत्येक वाक्य उलटंपालटं करून पाहते. गेलेल्या माणसाचा संशय येणं फार वाईट, कारण तो काही सांगायला येत नाही.

हे सगळं एका इंग्रज बाईमुळे सुरू झालं. हॉस्पिटलात विनिफ्रेड नावाची एक सिस्टर होती, पंचावन्नची असेल, उंच, हाडकुळी. झोयाच्या अब्बांचं दुखणं वाढलं तेव्हा तीच त्यांच्या वॉर्डात होती. मी भेटायला जायचे तेव्हा ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलेली असायची. माझ्याशी चार वाक्यं बोलताना ज्या माणसाला धाप लागायची, तो तिच्याशी हसत बोलायचा. मी आले की दोघं गप्प. मी विचारलं, काय चाललं होतं? तर म्हणाले, "काही नाही गं, ती आपल्या दापोलीचं विचारते." आपा, तूच सांग, लढाईच्या दिवसात एका इंग्रज बाईला दापोलीचं काय पडलं आहे? इथे तेव्हा जो तो दुसऱ्याकडे वळून पाहत होता. जास्त चौकशा करणाऱ्याला लोक चहासुद्धा विचारत नव्हते. मला वाटलं ही कुणाची तरी हेर आहे. नंतर त्याहून वाईटही वाटलं, ते इथे लिहीत नाही.

ते गेल्यानंतर ती माझ्या दारात आली. हातात केकचा डबा आणि खांद्याला गॅसमास्कची पेटी. बाईमाणूस, इद्दतीत भेटायला हरकत नव्हती, पण मी तिला दारातच उभी ठेवली. ती म्हणाली, मिस्टर शौकतनी सांगितलं होतं, एक गोष्ट माझ्या बायकोला विचार. मी आत घेतलं. ती सांगू लागली की तिच्या पणजीची आई लेडी ऑनोरिया, म्हणजे तिकडच्या अर्लची, मोठ्या जहागीरदाराची मुलगी, आणि ती दापोलीच्या जुन्या लष्करी कॅम्पात राहिलेली. माझ्या मनात आलं, जहागीरदाराच्या वंशातली बाई रास तनुरात येऊन आमच्या माणसांची बेडपॅन धुते होय? ती ओळखून हसली. म्हणाली, "जहागीर मोठ्या मुलांकडे जाते. आम्ही मुलींकडून आलेले. आमच्या वाट्याला नुसतं नाक आलं." नाक खरंच मोठं होतं. तेवढ्यात भोंगा वाजला. मी ओले टॉवेल दाराखाली सारले आणि आम्ही दोघी बिनखिडकीच्या बोळात जमिनीवर बसलो. तिने मास्क चढवला, दोन वाक्यं त्यातून घुमवली, मला एक शब्द कळेना, म्हणून काढून मांडीवर ठेवला. माझ्याकडे मास्क नव्हता हेही तिने पाहिलं असेल.

तिथे बसून तिने मला त्या लेडीची हकीकत सांगितली. माझं मॅट्रिकचं इंग्रजी आणि तिचं हॉस्पिटलातलं हिंदी, जमेल तसं. ऑनोरिया बहिणींत सगळ्यात धाकटी. एक बहीण लॉर्डाला दिलेली, एक बिशपला, एक मंत्र्याच्या घरात. हिने मात्र वडिलांच्या मर्जीविरुद्ध एका बिनजमिनीच्या कॅप्टनशी लग्न केलं. वडिलांनी जेवणाच्या मेजावरची तिची खुर्ची काढून टाकायला लावली. कॅप्टनची बदली दापोलीला झाली. तिथे तिचं पहिलं बाळ जन्मलं आणि लगेच गेलं. दूध थांबेना. डॉक्टरने छाती पट्ट्यांनी आवळून टाकली. त्याच आठवड्यात तिची आया बाळंतपणात गेली. आया आपल्याकडचीच, मुसलमान, हर्णैच्या बाजूची. तिचं पोर नोकरांच्या खोल्यांत रडत होतं. लेडीने पट्ट्या सोडल्या, पोराला आणवलं आणि पाजलं. आपा, त्यांच्यात म्हणे बड्या घरच्या बायका पोटच्या पोरालाही पाजत नसत, दाई ठेवत. कॅप्टन लाजला. पलटणीच्या मडमा तिच्याकडे चहाला यायच्या बंद झाल्या. बहिणींची पत्रं बंद झाली. पोराची आजी रोज येऊन उंबऱ्याबाहेर बसायची. तिलाही संशय, की ही मडम पोराला बाटवेल. दर वेळी पोर प्यालं की म्हातारी ओढणीच्या टोकाला एक गाठ मारायची. पाच गाठी झाल्या त्या दिवशी ती उठून आत आली, मडमेच्या पायाशी बसली आणि काहीतरी बोलली. पुढे लेडीला मुलगा झाला, मुलगी झाली. म्हातारी त्या मुलीला उचलून म्हणायची, ही आमच्या पोराची बहीण. विलायतेला परत गेल्यावर सख्ख्या बहिणींनी दार उघडलं नाही, पण लेडीने मुलांना झोपण्याआधीची प्रार्थना शिकवली होती. देवा, आईला सुखी ठेव, वडिलांना सुखी ठेव, आणि डूडबावला सुखी ठेव. पुढच्या पिढ्यांतली मुलं ती तशीच म्हणत राहिली. विनिफ्रेडही लहानपणी म्हणायची.

डूडबाव कोण ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. मोठ्या माणसांत कुजबुज होती की तो ऑनोरियाला एका काळ्या माणसापासून झालेला मुलगा. म्हाताऱ्या मावश्या मुलांना खोलीबाहेर काढून तो विषय काढायच्या. विनिफ्रेडच्या एका आतेआजीचं ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं, ती जन्मभर तशीच राहिली. विनिफ्रेडने मला विचारलं, "तुमच्याकडे असं नाव असतं का?" मी म्हटलं, हे नाव नाही. दूधभाव, म्हणजे दूधभाऊ. मी तिला दूध म्हणजे काय, भाव म्हणजे काय ते फोड करून सांगितलं. तिने ते दोन्ही शब्द माझ्यामागून म्हणून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे नुसतं दूध?" मी म्हटलं, नुसतं कसं? आमच्या कोकणी मुसलमानांच्या शाफई पंथात पाच वेळा पोटभर पाजलं की ती आई, आणि तिची मुलं ही सख्खी भावंडं. त्यांचं आपसात लग्न होत नाही, हराम. म्हातारी गाठी कशाला मारत होती ते आता कळलं का? ती रडायला लागली. दीडशे वर्षं एका बाईला बदफैली म्हणत आले, म्हणाली. मीही तिचा हात धरला. माझ्या मनातली जळमटं जरा झडली. केक कापला, तिने पाव किलो साखर जास्त घातली होती, तरी मी खाल्ला.

मग जाता जाता, मास्कची पेटी खांद्याला अडकवताना, ती सहज बोलली. "आता मला कळलं मिस्टर शौकत का हसले. मी डूडबाव म्हटलं आणि ते इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, 'माझ्या मुलीलाही एक आहे.' तो उंच मुलगा भेटून बाहेर गेला होता ना, त्या दिवशी. मग एकदम गप्प झाले आणि म्हणाले, बाकीचं माझ्या बायकोला विचार." आपा, उंच मुलगा म्हणजे तौकीर. त्या आठवड्यात दुसरं कुणी भेटायला आलं नव्हतं.

मी स्वतःला खूप समजावलं. आजारी माणूस, औषधांची गुंगी, त्यात हिचं हिंदी. पण तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. झोया सव्वा महिन्याची होती तेव्हा मी विषमज्वराने दापोलीच्या दवाखान्यात पडले होते. मला शुद्ध नव्हती. पोर तुझ्याजवळ होती, आणि तुझा तौकीर तेव्हा चार महिन्यांचा अंगावर पीत होता. मी परत आले तर झोया गुबगुबीत झालेली. तू म्हणालीस, शेळीच्या दुधावर वाढवली. मी मान डोलावली. आज इतक्या वर्षांनी मला प्रश्न पडतो की कुणाची शेळी? आपल्याकडे नव्हती. शेजारच्या कादिरचाचांकडे होती, पण ऐन पावसात ती भाकड असायची, अम्मी त्यावरून त्यांना टोमणे मारायची. झोयाचे अब्बा तेव्हा सुट्टीवर तिथेच होते. त्यांनी काही पाहिलं असेल का? पाहिलं असेल तर गप्प का राहिले? हे लग्न आपोआप बारगळेल म्हणून वाट पाहत होते का? आणि ज्या दिवशी मुलांनी स्वतःच आपल्याला सांगितलं की त्यांना लग्न करायचंय, त्या दिवशी सगळे हसत होतो आणि तू भात लागतोय म्हणून उठून आत गेलीस. मी मागून आले होते. भात अजून चुलीवर चढवलेलाही नव्हता.

म्हणून हे पत्र. आपा, मला एवढंच सांग, तू झोयाला पाजलं होतंस का, आणि किती वेळा? एकदा, दोनदा, रडली म्हणून छातीशी धरली असशील तर काही नातं लागत नाही, तसं लिही, मी शव्वालच्या निकाहला इथून दुवा करेन. रोज पाजलं असशील तर तू माझी पोर जगवलीस. मी शुद्धीवर नव्हते तेव्हा तू तिची आई झालीस, त्याबद्दल तुला मी एक वावगा शब्द बोलणार नाही, आणि गावाला काय सांगायचं ते मी माझ्या अंगावर घेईन. पण मग हा निकाह होणार नाही. तू विसरली असशील असं म्हणू नकोस, पाजणारी बाई विसरत नाही. तुला भीती वाटली असेल, मुलं एकमेकांत गुंतली आणि बोलायची वेळ निघून गेली, ते मी समजू शकते. आता मुलांना कळलं तर ती रडतील. निकाहनंतर कळलं तर त्यांना तोंड लपवायला जागा राहणार नाही. हाशम पंधरा दिवसांनी परत येतो आहे, त्याच्याकडे उत्तर दे. एका ओळीचं असलं तरी चालेल. तोवर तौकीर दर जुम्म्याला रियाधहून येतो, पिशव्या ओट्यावर ठेवतो, झोयाची खुशाली विचारताना मान खाली घालतो. मी त्याला ताट वाढते, भात वाढते, त्याला आवडतं म्हणून सुकटीचं कालवण वाढते. आणि आपा, मी त्याला जावई म्हणून वाढते आहे की झोयाचा भाऊ म्हणून, ते मला कळत नाही.

तुझीच,
सफूरा