रोखीला नाव नसतं

करंजाडे,
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नकोस. आप्पांनी तुला मला फोन न करण्याची शपथ घातली आहे, पत्र न लिहिण्याची नाही. लग्नाला तीन वर्षं होतील. जावई जातीतला नाही हे आप्पांना अजून पचलेलं नाही, आणि त्यांचा अबोला मला.

कामाचं लिहिते. आई गेल्यावर तिच्या पद्धतीची कारळ्याची चटणी मी वेबसाइटवरून विकायला लागले, तिच्याच नावानं, ‘वेणूबाई’. बरेच लोक पार्सल आल्यावर रोख देतो म्हणतात आणि पार्सल दारात गेलं की घेतच नाहीत. परत येईतो चटणी खवट होते. नियमानं घेणारा रोखीवाला एकच, तुर्भ्याच्या चहाच्या टपरीवरचा कुणी सिताराम. दीड वर्ष झालं, दर महिन्याला एक पाकीट.

आता पैसे घेण्यासाठी दोन कंपन्या बघितल्यात. एक रोखही गोळा करते, पण आपल्या हाती पंधरा दिवसांनी देते. दुसरी फक्त ऑनलाइन. पैसे देणाऱ्याचं बँकेतलं नाव लगेच दिसतं, आणि गिऱ्हाइकाला पैसे परत करायचे झाले तर तेही त्याच मिनिटाला जातात. तू मेडिकलच्या गल्ल्यावर दिवसभर हेच करतोस, तर सांग कुठली घेऊ. आणि आप्पांच्या दम्याचं काय? डॉक्टरकडे नेलंस का?

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझी,
तेजू

कोपरखैरणे,
२० जानेवारी २०२५

चि. सौ. तेजश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘सौ.’ मुद्दाम लिहिलंय, तुझ्या संघप्रियाला दाखव. दुसरी कंपनी घे आणि रोखीची कटकट बंद कर. पैसे लगेच परत मिळतात म्हटलं की गिऱ्हाईक बिनधास्त होतं. एका सितारामसाठी अख्ख्या धंद्याला टेन्शन कशाला? त्याच्याकडेही फोन असेलच की.

डॉक्टरचं नाव काढलं की आप्पा चपला घालून मार्केटला निघतात. आता पाठीवर गोणी घेत नाहीत, गाळ्यावर बसून मोजणी बघतात. जिन्यात मध्येच थांबतात आणि मी बघितलं की चप्पल नीट केल्यासारखं करतात. घरात तुझं नाव निघत नाही. मी काढलं तर उठून जातात.

माझे आशीर्वाद फुकट आहेत, तशी चटणीही फुकट पाठव.
तुझा,
धनाजीदादा

कोपरखैरणे,
१६ मार्च २०२५

चि. सौ. तेजूस,
अनेक आशीर्वाद.

आज चेष्टा सुचत नाही. गाळ्यावर हिशेब लिहिणारे गंगारामकाका दुकानात आले होते. म्हणाले, चटणी बंद झाल्यापासून तुझा बाप डबा अर्धाच खातो. कुठली चटणी म्हणून विचारलं तर गडबडले, मग सगळं सांगितलं. तुझा सिताराम म्हणजे आपले आप्पा. ऑर्डर काकांच्या फोनवरून द्यायची, आणि पार्सल आलं की टपरीवर जाऊन रोख मोजायची. रोख बंद झाल्यावर काका म्हणाले, ऑनलाइन भरू. तर आप्पा म्हणे, त्यात नाव दिसतं, रोखीला नाव नसतं. काकांनी आपल्या खात्यातून भरतो म्हटलं, तर लेकीची वस्तू दुसऱ्याच्या पैशानं घेणार नाही म्हणाले.

रोख बंद कर असं मीच लिहिलं होतं. जेवताना त्यांच्या ताटाकडे बघवत नाही आता. काहीतरी कर, पण आपल्याला कळलंय हे दाखवू नकोस. फार मानी माणूस आहे.

माझ्यावर राग धरू नकोस.
तुझा दादा

करंजाडे,
२४ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तासभर नुसती रडले. दुसऱ्या दिवसापासून रोख घेणाऱ्या त्या पहिल्या कंपनीचे अर्ज भरायला घेतले. आणि आज सकाळी ऑर्डर आली, एक पाकीट. पैसे देणाऱ्याचं नाव हौसेराव ज्ञानू शेडगे, पत्ता घरचा. दादा, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावानं! मी ओरडलेच. संघप्रिय दाढी अर्धी टाकून बाहेर आला.

बापाकडून मी चटणीचे पैसे घेऊ? त्याच मिनिटाला एकशे ऐंशी रुपये परत पाठवले. मग चार पाकिटं बांधली आणि वर चिठ्ठी ठेवली, की आप्पा, रविवारी पाडवा आहे, जेवायला या, भाकरी मी थापते. स्वतःच घेऊन यावंसं वाटलं, पण अशी एकदम दारात उभी राहिले तर त्यांना अवघडल्यासारखं होईल. आधी चिठ्ठी वाचू देत. कुरिअरवाला चार दिवस म्हणाला. पार्सल उघडताना त्यांचा चेहरा बघ आणि मला सगळं लिही.

आज लोभ मागत नाही, माझ्याकडेच भरपूर आहे.
तुझी तेजू

कोपरखैरणे,
९ एप्रिल २०२५

चि. सौ. तेजूस,
आशीर्वाद.

काल तेरावं झालं. शपथ आप्पांबरोबरच गेली, आता फोन करता येतो. पण हे तोंडानं सांगवत नाही म्हणून लिहितो.

स्मशानात तू मला विचारलंस, पार्सल मिळालं होतं का. मी हो म्हणालो, एक पाकीट त्यांनी फोडलं होतं असंही म्हणालो. ते खोटं होतं. तुझं पत्र मला अठ्ठावीसला मिळालं, पार्सल सावडण्याच्या दिवशी आलं. आप्पा सत्तावीसच्या पहाटेच गेले होते.

चोवीसला ‘आता दिसू दे तिला नाव’ म्हणत पैसे भरले तेव्हा आप्पांनी सगळ्या गाळ्याला चहा पाजला, असं गंगारामकाका सांगतात. चहा संपायच्या आत फोनवर निरोप आला. विक्रेत्याने आपली ऑर्डर स्वीकारलेली नाही, रक्कम परत केली आहे. आप्पांनी तो काकांकडून दोनदा वाचून घेतला. मग एवढंच म्हणाले, की पोरगी सितारामला देत होती, बापाला नको म्हणाली. घरी येऊन मला काही बोलले नाहीत. मी विचारायला हवं होतं.

तुझा दोष नाही, ती कंपनी मीच सुचवली. खोटं बोललो त्याची माफी कर.
तुझा दादा

करंजाडे,
१५ एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खरं लिहिलंस ते बरं केलंस. तो निरोप मी शोधून वाचला. पैसे परत केले की आपोआप जातो. आजवर कितीतरी जणांना माझ्या नावानं गेला असेल, मी कधी उघडून बघितलाच नव्हता.

बापाकडून पैसे घ्यायचे नाहीत, एवढंच मला त्या वेळी सुचलं. तीन वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याकडे आपल्या नावानं आले, आणि मी त्यांना तसंच परत पाठवलं. घ्यायला हवे होते रे दादा ते एकशे ऐंशी रुपये. गपचूप ठेवून घ्यायला हवे होते.

आता माहेर म्हणून तूच आहेस. तुझा लोभ तेवढा राहू दे.
तेजू