साडेतीन फुटांचं दार

१४ जाने. १९९६, रवि.
सकाळपासून साइटवर. बनशंकरीच्या घराची भिंत कमरेपर्यंत आली आणि थांबली. मेस्त्री म्हणतो, चौकटी उभ्या केल्याशिवाय पुढे नाही, मापं द्या. मापं द्यायलाच गेलो होतो. न देता परत. मधे उगाच स्कूटरवरून मंदिरापर्यंत दोन फेऱ्या.
सुमनने विचारलं, काय ठरलं. म्हटलं, लाकूड बघतोय अजून.
लाकडाचं काही नाही. गाडं अडलंय दारांच्या रुंदीपाशी. डॉक्टर दिवाळीनंतर जे बोलले ते आम्ही शेजारी-शेजारी बसून ऐकलं आणि त्यानंतर एकमेकांशी त्यातलं अक्षर नाही. सुमनच्या पायांचे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणार. मग हातांचे. चाकाची खुर्ची लागेल का, तर "बहुतेक लागेल". कधी, ते सांगता येत नाही. पाच वर्षं, दहा वर्षं. सु. अजून चाळिशीचीही नाही.

१७ जाने.
कारखान्यात लक्ष नाही. माझं काम दुसऱ्यांनी केलेले जॉब, म्हणजे सुटे भाग, मापायचं, आणि आज दोन जॉब न मापताच पास केले. नंतर धावत जाऊन परत आणले.
जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या दवाखान्यातली चाकाची खुर्ची टेपने मापली. नर्सने विचारलं, घरात कोणी आजारी आहे का. नाही म्हटलं.
बाथरूमचं दार सगळे अडीच फुटांचं करतात. चौकटीची जाडी वजा केली तर खुर्ची शिरतच नाही. आत वळायचं तर सोडाच.
ठरलं. सगळी दारं साडेतीन फूट. बाथरूमसुद्धा. उंबरठा कुठेच नाही.

२१ जाने., रवि.
अण्णांबरोबर यशवंतपूरला लाकडाच्या वखारीत. अण्णा म्हणजे सासरे. चिकपेठेत कापडाचं दुकान, सु.ही तिथेच बसते. हे लोक कित्येक पिढ्यांचे इथले, त्यांचं मराठी निम्मं कन्नड. मी साताऱ्याचा, वीस वर्षं इथे राहून बसचे नंबर आणि भाजीचे भाव एवढंच कन्नड.
पुढच्या दाराला साग, आतल्यांना होन्ने, असं अण्णांचं मत. होन्ने म्हणजे आपला बिबळा. वखारवाला म्हणाला, वर्षभर वाळलेलं आहे. अण्णांनी नख रुतवून पाहिलं, वास घेतला.
"स्वल्प ओलं आहे रे हे. आत्ता गप बसेल, मग फुगेल. दुसरीकडे बघू."
मला धीर नव्हता. भिंत थांबलीय, म्हटलं. तेच घेतलं. अण्णा म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक. "घर तुझं."
चहा पिताना: "उंबरठा सागाचाच कर हं." उंबरठा ठेवत नाही, असं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. मग, "सुमनला विचारलंस?"

२३ जाने.
विचारलं. म्हणजे सांगितलं.
"बाथरूमला साडेतीन फूट? तिथे म्हशी बांधायच्यात काय?"
हवा येईल, सामान न्यायला बरं, असं काहीतरी बोलत बसलो. तिने ऐकून घेतलं. दुकानात खोटं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचं ऐकून घेते तसं.
"खुर्चीसाठी ना? मग खुर्ची म्हणा की. दोन महिने झाले, एकदा पण तोंडातून शब्द काढला नाहीत तुम्ही."
मी टेप गुंडाळायला लागलो.
"मी अजून दुकानाच्या पायऱ्या चढते. मला माझ्या घरात राहायचंय. तुमच्या इस्पितळात नाही."
नंतर भांडी लावण्याचा आवाज जरा जास्त.

२८ जाने., रवि.
साइटवर गेलो तर आचारी (सुतार) पुढच्या चौकटीसाठी खालचं लाकूड तासतोय. सागाचं, चांगलं चार इंच उंच. हे काय? म्हणाला, "अक्का हेळिदरु." अक्कांनी सांगितलं.
म्हणजे सु. ऑटो करून एकटी येऊन गेली. त्याच्याशी कन्नडमध्ये सगळं ठरवून गेली. घरी निघालो तर डोक्यात नुसता जाळ. वाटत होतं, बाथरूमचंही माप बदललं असणार. वाटेतूनच परत फिरलो, टेप लावला. साडेतीनच होतं.
संध्याकाळी विचारलं, ते का नाही बदललंस?
"दोघं एकदम आत जाऊ एवढं आहे ते. तुम्ही हात धरून न्याल. खुर्चीसाठी नको, त्याच्यासाठी राहू दे."
म्हटलं, माप तर तेच झालं.
"माप झालं."
उंबरठ्यावर मात्र ऐकत नाही. अण्णांची लेक.

११ फेब्रु., रवि.
पुढची चौकट उभी राहिली. भिंतीकडच्या बाजूंना डांबर लावून घेतलं, वाळवीचं भय. पूजा झाली. वरच्या लाकडाला पिवळ्या फडक्यात धान्याची पुरचुंडी, आंब्याची पानं. भटजींनी सांगितलं, जोडीने आत या. आत म्हणजे काय, वर आभाळच.
मी हात पुढे केला. तिने चौकटीला धरलं. उजवा पाय उचलायला वेळ लागला. तो वर येईना, मग तिने दुसऱ्या हाताने निरी सावरल्यासारखं करून गुडघा उचलला. माझ्याशिवाय कुणाला कळलं नसावं. अण्णा आंब्याची पानं सारखी करत होते. त्यांनाही कळलं असेल.
पेढे वाटले. मला बसवेना. रेतीच्या ढिगाभोवती फिरत राहिलो.

१२ मे, रवि.
राहायला आलो. रंग व्हायचाय, खिडक्यांना काचा नाहीत, तरी आलो. भाड्याच्या घराचा जिना तिला जड जात होता. ते कारण कुणी बोललं नाही. घरमालकाला सांगितलं, मुदत संपली.
चौकटींना अळशीचं तेल दिलं, दोन हात. सु. खुर्चीत बसून (साध्या) खालचा भाग फडक्याने पुसत होती. गात होती. इतकं बरं वाटलं की भीती वाटली.

३० जून, रवि.
बाथरूमच्या चौकटीखाली पांढऱ्या भिंतीवर पिवळे ओघळ. होन्ने ओलं झालं की रंग सोडतं म्हणे. पुसून जात नाही. पंधरा दिवस हवा दमट आहे, आणि दार फुगून खाली घासतंय. साबण चोळला. तात्पुरतं.
साडेतीन फुटांचं दार जड किती होतं, हे मी मापलंच नव्हतं. तिला दोन्ही हातांनी ओढावं लागतं. आचारीला निरोप दिला. म्हणाला, येतो. तीनदा म्हणाला.

२० ऑगस्ट
आत्ताच लिहून ठेवतो.
पीण्याच्या कारखान्यातून घरी आलो. पुढचं दार आतून लावलेलं. बेल वाजवली, हाक मारली. मागून बाथरूमच्या खिडकीतून तिचा आवाज, अगदी नेहमीचा: "मी इथे आहे. दार अडकलंय."
काचा अजून बसल्या नाहीत म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत उतरता आलं. खांदा लावून दार ढकललं. फुगून चौकटीत गच्च बसलेलं. तिसऱ्या धक्क्याला उघडलं आणि मी आतच पडलो. ती स्टुलावर बसलेली. साडीचा पदर ओला. दुपारी जेवणानंतर आत गेली होती. तेव्हापासून.
"ओढून ओढून बोटं गेली," म्हणाली. तळहात दाखवले. मग, "चहा ठेवा हो, मला स्वल्प बसू दे."
ओरडली का नाहीस, शेजारी होते, मी विचारत राहिलो.
"ओरडले. रेडिओ लागला होता त्यांचा. मग थांबले ओरडायची."
चहा मी केला. साखर दोनदा घातली. तिने तो संपवला.

२१ ऑगस्ट
रजा टाकली. बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार उतरवलं, अंगणात नेऊन भिंतीला टेकवलं. अण्णांच्या दुकानातून जाड कापड आणून पडदा लावला. आता कधीच अडकणार नाही. बाकीची आतली दारंही उद्या उतरवतो.

२२ ऑगस्ट
उतरवली नाहीत.
काल संध्याकाळी सु. दुकानातून आली. पडदा पाहिला. हात-पाय न धुता बाहेर बसून राहिली. आज सकाळी तेच. शेवटी मीच विचारलं.
"दार कुठे आहे माझं?"
सुरक्षित आहे हे, म्हटलं. परत कालच्यासारखं झालं तर?
"झालं तर झालं. उद्या तुम्ही मला न्हाऊ घालाल, मला माहीत आहे. कपडे घालाल. घालून घेईन. अजून तो दिवस आलेला नाही. तोवर मला आतून कडी लावायचीय."
आवाज चढलेला नव्हता. मग ती रडली, आणि मी अंगणात जाऊन त्या दाराशी उभा राहिलो. वाकलेलं आहे ते, बिजागरीच्या बाजूने. अण्णा बोलले होते.
खुर्ची हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. अंगणातून आत येऊन. म्हटलं, मला त्या खुर्चीची भीती वाटते, सुमन.
"मला काय वाटत नाही?" म्हणाली. "या. बसा इथे."

१ सप्टें., रवि.
आचारी आला. स्वतःच्या पायाने नाही, अण्णा त्याच्या घरी जाऊन घेऊन आले. सु.ने स्वतः उभं राहून सगळं करून घेतलं, भिंतीला पाठ टेकून. रंधा मारून कड सारखी केली. अर्धी जाडी तासून टाकली, तेवढंच हलकं. दार आता बाहेरच्या बाजूला उघडतं, ढकललं की झालं. कडी लाकडाची केली, बोटभर, वर ढकलायची. बाहेरूनही निघेल अशी खाच. ती खाच माझ्या हट्टाने. ती म्हणाली, सरी.
तासलेल्या कडेला तेल दिलं. पिवळे ओघळ तसेच. त्यावर चुना देत नाही आता.
तिचं आणि आचारीचं कन्नडमध्ये काहीतरी झालं, दोघं माझ्याकडे बघून हसले. अण्णाही. काय ते सांगत नाहीत.

२६ सप्टें.
डॉक्टरांकडे. हातांची ताकद दाबयंत्रावर पाहिली. डाव्यात कमी. मागच्या वेळेपेक्षा किती, ते तिने विचारू दिलं नाही. परत येताना रिक्षात म्हणाली, दुकानात पूजेच्या साड्या आल्यात, गर्दी आहे, उद्या लवकर जायचंय.
पुढच्या उंबरठ्यावर तिचा पाय अडतो. रोज बघतो. करवत आणून ठेवलीय, माळ्यावर. तिला माहीत आहे. ती रोज सकाळी उंबरठ्याला हळदकुंकू लावते आणि माझ्याकडे बघत नाही.

१३ ऑक्टो., रवि.
पुन्हा दमट हवा. चौकटींवरून हात फिरवला, बाथरूमची जरा फुगल्यासारखी वाटली. रंधा शोधत होतो तेवढ्यात ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज.
मी बाहेर. पेपर उघडला, मिटला. व्हरांड्यात गेलो, परत आलो. पाण्याचा आवाज थांबला.
आतून: "आहात काय तिथे?"
"नाही," म्हटलं.
ती हसली. कडी सरकली, एकदा अडली, परत सरकली. माझा हात त्या खाचेपाशी गेलेला. मागे घेतला, दुसऱ्या हाताने धरून ठेवला.
दार थोडं हललं. फटीतून तिची चार बोटं दिसली. ती ढकलत राहिली, दार पुरतं उघडलं, आणि ती स्वतःच बाहेर आली.