दादू, मी राजेशला खरं सांगितलं

प्रिय दादू,

तू जाऊन नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण मी राजेशला खरं सांगितलं. तुला हार्ट अटॅक आला नव्हता. फिट आली होती, आणि लहानपणापासून येत होत्या. लग्नाला चौदा वर्षं झाली आमच्या. इतकी वर्षं एकाच घरात राहून मी नवऱ्याशी हे खोटं बोलत आले. सांगून टाकल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. उलट एका जागी बसवत नाहीये.

सांगायची वेळ आली ती आमच्या कुत्र्यामुळे. भुऱ्या त्याचं नाव. तू गेल्यावर पाच वर्षांनी आला. मरोळला राजेशच्या कंपनीच्या गेटपाशी सापडला होता, एक कान दुमडलेला, पोट खपाटीला गेलेलं. राजेश त्याला दुधासाठी म्हणून एक दिवस मुलुंडला घरी घेऊन आला आणि तो राहिलाच. आमच्या रेवाचा तर जीव आहे त्याच्यावर. तू पाहिलीस तेव्हा दोन वर्षांची होती रे ती. आता अकराची आहे.

थांब, जरा बघून येते. झोपलाय. पोट वरखाली होतंय.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी मी पोहे परतत होते. भुऱ्या स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडला, पाय ताठ केले आणि झटके द्यायला लागला. तोंडाला फेस, खाली लघवी. रेवा किंचाळली. शेजारच्या सावंतकाकू धावत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अहो, चप्पल हुंगवा त्याला, चप्पल."

राजेशने खरंच स्वतःची चप्पल उचलली होती. मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली.

"नाकाशी काही धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. रेवा, ते स्टूल बाजूला घे. राजेश, तू घड्याळ बघ."

मी चादरीची घडी त्याच्या डोक्याखाली सरकवली आणि शेजारी फरशीवर बसून राहिले. एक मिनिट चाळीस सेकंद. नंतर तो उठला तेव्हा त्याला आम्ही कोणी ओळखू येत नव्हतो. भिंतीवर आपटत फिरला, रेवावर गुरगुरला. बऱ्याच वेळाने माझ्या हाताचा वास घेतला आणि मांडीवर मान टाकली.

राजेशने विचारलं, "तुला हे सगळं कसं काय माहीत?"

मी म्हटलं, "कुठेतरी वाचलं होतं."

वाचलं कुठे होतं? तू सांगितलं होतंस. तू एकोणीस वर्षांचा, मी चौदाची. डॉक्टरकडून आलास आणि मरोळच्या खोलीत मला समोर बसवून म्हणालास, "बाय, फिट आली की मला धरायचं नाही, दाबायचं नाही. डोक्याखाली काहीतरी मऊ दे आणि मी जागा होईपर्यंत बस. बास, एवढंच." मी हो म्हटलं. आणि पुढच्याच वेळी गॅलरीत पळाले. कठडा धरून उभी राहिले, कानांत बोटं घालून. त्यानंतरही दर वेळी तेच. आत बाबा तुझ्या नाकाशी चप्पल धरायचे, आई रडायची. सगळं शांत झालं की मी यायचे. तू विचारायचास, "किती वेळ होती गं?" मी म्हणायचे, "दोन मिनिटं." मला काय माहीत किती वेळ होती? मी तिथे होते कुठे?

तू ओळखलं होतंस ना? मग एकदाही बोलला का नाहीस? एकदा तरी चिडायचंस माझ्यावर.

आणि तो मनोरीचा दिवस. राजेशकडची मंडळी मला बघायला येणार होती. आईने आदल्या दिवशी तुझ्या गोळ्यांचा डबा कपाटावर ट्रंकेच्या मागे टाकला आणि सकाळी तुला म्हणाली, "मावशीकडे जावन ये. रात्री र्‍हव थयच." मावशीचे यजमान मनोरीला एका बंगल्याची राखण करायचे. रात्रभर तिथेच राहायचं, तरी तू काही विचारलं नाहीस. इस्त्रीचा शर्ट घातलास, एकटाच मार्व्याला गेलास आणि मनोरीच्या बोटीत बसलास. फिट येणाऱ्या माणसाला आम्ही एकटं पाण्यावर पाठवलं. माझं लग्न जमावं म्हणून. मी त्या दिवशी साडीला पिना लावत होते आणि मला तुझी नाही, उशीर होण्याची काळजी वाटत होती.

लग्नानंतरही तू माझ्याकडे कधी राहायला आला नाहीस. जेवायला यायचास आणि ताट संपलं की निघायचास. राजेश म्हणायचा, "तुझा भाऊ फार संकोची आहे." मी म्हणायचे, "हो, आहे तसा." मग एके सकाळी आई तुला चहा द्यायला गेली आणि तू पालथा पडलेला होतास, तोंड उशीत. मी राजेशला फोन करून सांगितलं, हार्ट अटॅक. तो शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज गेला, की पुढे आईनेही तोच धरला.

पुन्हा उठून आले. कूकरचं झाकण पडलं आणि मला वाटलं भुऱ्याच पडला. हल्ली हे असंच चाललंय. काहीही आपटलं की मी धावते.

गेल्या पंधरवड्यात एकाच दिवशी त्याला तीन फिट आल्या. उचलून प्राण्यांच्या दवाखान्यात नेला. तिथल्या बाईंनी इंजेक्शन दिलं, तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "कुत्र्यांनाही होतो हा आजार. बहुधा जन्मभर राहील, पण गोळ्या वेळेवर दिल्यात तर छान जगेल." आम्ही चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने गोळ्यांची पट्टी समोर ठेवली आणि मी नाव वाचलं. दादू, तुझीच गोळी होती. कपाटावर ट्रंकेच्या मागे लपवायचो ती.

मी पट्टी उचलून तेच नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. राजेश म्हणाला, "अगं, बरा होईल तो." मी तिथेच, माणसं मागे उभी असताना म्हटलं, "दादू हीच घ्यायचा. त्याला फिट यायच्या. तो त्यानेच गेला."

राजेशने पैसे दिले. पट्टी खिशात टाकली, भुऱ्याला कडेवर घेतलं आणि चालायला लागला. घराच्या खाली आल्यावर थांबला.

"मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? लग्न मोडलं असतं?"

"माहीत नाही."

"मलाही माहीत नाही. घरच्यांनी मोडायला लावलं असतं कदाचित." त्याने भुऱ्याला खाली ठेवलं. "पण नंतर? नंतर तरी सांगायचंस ना. मी त्याला थांब म्हटलं असतं. सोडायला गेलो असतो. दर वेळी एकटा पाठवायचो यार आपण त्याला."

दोन दिवस तो माझ्याशी धड बोलत नव्हता. तुझ्यासाठी रागावलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आईलाही फोन केला. राजेशला सगळं सांगितलं म्हटलं. ती म्हणाली, "बरा केलंस. माका जमला नसता." आणि ठेवून दिला.

आता भुऱ्याला सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला गोळी असते. पनीरच्या तुकड्यात घालून. रेवाने फ्रिजवर मोठा कागद लावलाय, गोळी दिली की ती खूण करते. आल्यागेल्याला दाखवते, "आमच्या भुऱ्याला फिट येते, त्याचं टाइमटेबल आहे." तिला यात लपवण्यासारखं काही वाटतच नाही. तुला इतकं साधं मिळालं असतं तर? कुत्र्याशी तुझी तुलना करतेय म्हणून रागावू नकोस. जे तुझ्यासाठी करायचं होतं ते मी त्याच्यासाठी करतेय, आणि हा विचार मला बसू देत नाही.

अकरा दिवस झाले, फिट आलेली नाही. गोळीमुळे मागचे पाय लटपटतात, पण खातो, शेपूट हलवतो. पुढे काय होईल ते डॉक्टरबाईंनाही सांगता येत नाही.

आमच्या बोलण्यातून रेवालाही तुझं कळलंय. काल तिने विचारलं, "मम्मी, मामाला फिट आल्यावर पण तू अशीच बसायचीस का त्याच्याजवळ?"

मी म्हटलं, "उद्या सांगते."

ती साडेबाराला शाळेतून येते. हो म्हणणं फार सोपं आहे, तिला ते आवडेलही. पण मी हो म्हणणार नाही. मी पळून जायचे, हे तिला सांगेन, आणि ती पुढे जे विचारेल त्यालाही खरं उत्तर देईन. मग तू कसा होतास ते सांगेन. एवढा शब्द देते तुला.

बारा वाजून गेलेत. भात लावायचाय.

तुझीच,
बाय